राजकन्या व्हायचंय म्हणजे नेमकं काय व्हायचंय?

प्रिय मंजू,

तुझं पत्र मिळालं. ओवी झोपतानासुद्धा मुकुट काढत नाही, कानामागे रुततो तरी काढत नाही, हे वाचून हसू आलं. पुढे मात्र तू चांगलीच वैतागलेली दिसलीस. ‘आपण काय काय वाचलं, कशाकशावर भांडलो, आणि माझ्याच पोटी ही राजकन्या!’ असं लिहिलंयस. आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं जरा शांतपणे वाचशील: तिला वेगळं काही झालेलं नाही. तीन ते सहा या वयात पुष्कळ मुलींना हे खूळ लागतं. कुणाला थोडं, कुणाला घर डोक्यावर घेण्याइतकं. काहींना मुळीच लागत नाही आणि त्यांचंही काही अडत नाही.

तुझा सगळा राग बाजारावर आहे. राग रास्त आहे, पण क्रम तू उलटा लावतेयस. २००० च्या सुमाराला डिस्नेचे एक अधिकारी, अँडी मूनी, बर्फावरचा एक कार्यक्रम बघायला गेले होते. तिथे जमलेल्या मुली राजकन्यांच्या वेषात आल्या होत्या आणि ते वेष घरीच जुळवलेले होते, कंपनीने विकलेले नव्हते. या कंपनीची पहिली राजकन्या पडद्यावर आली १९३७ साली. मधल्या साठ-बासष्ट वर्षांत सगळ्या राजकन्या एका नावाखाली आणून विकाव्यात हे कुणाला सुचलं नव्हतं. सुचलं ते त्या घरगुती झग्यांकडे बघून. म्हणजे हौस आधीची, दुकान नंतरचं. दुकानाने मग त्या हौसेला एकच रंग दिला, एकच कंबर दिली आणि वर्षभर पुरेल एवढी चमकी दिली, ते पाप त्यांचंच.

त्या वस्तूंवरची एक गंमत तू पाहिली नसशील. सुरुवातीच्या काळात एकाच चित्रात पाच-सहा राजकन्या शेजारी शेजारी उभ्या असायच्या, पण एकमेकींकडे बघत नसायच्या. प्रत्येकीची नजर वेगळीकडे, जणू बाकीच्या तिथे नाहीतच. हे मुद्दाम ठरवून केलेलं होतं, कारण प्रत्येक जण आपापल्या गोष्टीतली एकुलती एक. लहान मुलींचं भांडण लागतं तेही इथेच. ‘आपण सगळ्याच राण्या होऊ’ असं सुचवून बघ, कुणी ऐकणार नाही. सगळ्याच राण्या झाल्या तर हुकूम सोडायचा कुणावर?

आणि माझ्या मते खरी गोम त्या हुकुमात आहे. मागे मी तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हा तू कामात होतीस आणि ओवीचा दरबार माझ्या खोलीत भरला होता. तुझी निळी ओढणी क्लिपांनी केसांना लावून तिने जमिनीवर लोळेल एवढी वेणी केली होती. मी म्हणजे ‘राज्यातली माणसं’, सगळीच्या सगळी. पहिला हुकूम निघाला: आज कुणीही दात घासायचे नाहीत. दुसरा: जो ‘लवकर आटप’ म्हणेल त्याला तुरुंगात टाकायचं. मग राक्षसाने पळवलं म्हणून ती स्वतःच टेबलाखाली जाऊन बसली. मी विचारलं, राजपुत्राला बोलावू का? तर म्हणे, ‘नको, तो उशिरा येतो. तू राक्षस हो आणि मला घाबर.’ मी घाबरले. पुरेशी घाबरले नाही म्हणून पुन्हा घाबरावं लागलं.

त्या सबंध खेळात आरसा एकदाही आला नाही, लग्न तर नाहीच नाही. दिवसभर जी माणसं तिला उठवतात, आंघोळीला ढकलतात, भरवतात, झोपवतात, त्यांच्यापैकी एक तिच्यापुढे हात जोडून उभं होतं, एवढंच तिला हवं होतं. पाच वर्षांच्या माणसाच्या हातात काय असतं सांग? कधी झोपायचं, कुणाला पापा द्यायचा, पाहुण्यांसमोर कुठलं गाणं म्हणायचं, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. मुलग्यांचीही हीच गत असते. पण मुलगा हुकूम सोडायला निघाला की त्याच्यासाठी सरदार आहे, समुद्रावरचा चाचा आहे, सेनापती आहे, अवकाशातला वीर आहे. आपल्या आटपाट नगरात मुलीसाठी जागा किती रिकाम्या? दासी, म्हातारी, चेटकीण, सावत्र आई, राणी, राजकन्या. यातली जिचं म्हणणं सगळे ऐकतात आणि जिचा शेवटही बरा होतो, ती पोर उचलते. मला तर ती निवड हिशेबी वाटते.

आता तुला एका खऱ्या राजकन्येची गोष्ट सांगते. इंग्लंडची व्हिक्टोरिया. तिला आईने आणि आईच्या कारभाऱ्याने इतकं बांधून वाढवलं की जिना उतरतानासुद्धा कुणाचा तरी हात धरल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. झोपायचं आईच्याच खोलीत. बरोबरीच्या मुलांची सोबत जवळपास नाहीच. या मुलीने काय करावं? तिने लाकडाच्या छोट्या बाहुल्या जमवल्या, १३२. घरी शिकवणाऱ्या लेझेनबाईंबरोबर बसून त्यांना कपडे शिवले, नावं दिली, त्यांची यादी ठेवली. त्यातल्या कितीतरी दरबारी बायका होत्या आणि कितीतरी रंगभूमीवरच्या गायिका-नर्तिका. जन्माने राजकन्या असलेल्या मुलीलाही दरबार मांडून खेळावंसं वाटलं, कारण खऱ्या दरबारात तिला कुणी विचारत नव्हतं.

मग १८ वर्षं पूर्ण झाल्यावर महिन्याच्या आतच, २० जून १८३७ च्या पहाटे, तिला उठवून सांगितलं की काका वारले, आता राणी तू. त्या दिवसाची तिची डायरी वाचायला मिळाली तर जरूर वाच. एकच शब्द परत परत येतो: एकटी. निरोप घेऊन आलेल्यांना मी एकटी भेटले. पंतप्रधानांना एकटी भेटले, आणि माझ्या सगळ्या मंत्र्यांना यापुढे अशीच एकटी भेटणार. त्याच दिवशी तिने आपला पलंग आईच्या खोलीतून हलवला. साम्राज्य हाती आल्यावर पहिल्या दिवशी केलेल्या कामांत स्वतःची खोली मिळवणं हेही एक काम होतं! ओवीच्या ‘लवकर आटप म्हणणाऱ्याला तुरुंग’ या कायद्यापासून हे फार लांब आहे असं मला वाटत नाही.

झग्याचं मात्र वेगळं आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला आपण मुलगी की मुलगा हे कळलेलं असतं, पण ते कायमचं आहे ही खात्री पटायला आणखी वेळ लागतो. लॉरेन्स कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हे मांडलं. केस कापले, कपडे बदलले तर मुलीचा मुलगा होईल असं काही मुलांना चक्क वाटतं. मग जो पुरावा सगळ्यात ठळक दिसतो तोच पोर अंगावर घालून हिंडते, आणि घेरदार झग्यापेक्षा ठळक पुरावा कुठला? म्हणून तर तुझी सुती, मापाची, ‘समंजस’ फ्रॉक ती फेकून देते. तो हट्ट दिसण्याचा कमी आणि ठाम असण्याचा जास्त. पुढे सातव्या-आठव्या वर्षी यातल्याच पुष्कळ मुली एकदम फिरतात. गुलाबी म्हटलं की नाक मुरडतात, ‘तसलं मुलीमुलींचं काही नको’ म्हणतात. तेव्हा तू मला उलट काळजीचं पत्र लिहिशील, मी हे जपून ठेवतेय.

शिवाय कपडा आणि सत्ता यांचा संबंध पोरींनी काही मनाने जोडलेला नाही. इंग्लंडच्याच पहिल्या एलिझाबेथ राणीने १५७४ मध्ये फर्मान काढलं की कुणी कुठलं कापड वापरायचं ते दर्जाप्रमाणेच. जांभळं रेशीम आणि सोन्याच्या तारांचं कापड राजघराण्यासाठी आणि थोडीफार सूट मिळालेल्या बड्या उमरावांसाठी. बाकीच्यांनी अंगाला लावायचं नाही. स्वतःच्या पेट्यांत मात्र कपड्यांचे शेकडो नग. तिने लग्न केलं नाही, १५५८ ते १६०३ अशी ४४ वर्षं राज्य केलं, आणि तिच्या तसबिरी बघितल्यास तर चेहरा केवढासा आणि झगा केवढा! अशा राण्या नटायच्या कारण नटणं हा राज्यकारभाराचाच भाग होता. आपण शिकल्यासवरल्या बायकांनी मिरवणं एका कप्प्यात आणि कर्तृत्व दुसऱ्या कप्प्यात टाकलं. मुलीला तो कप्पा अजून माहीत नाही, तिला दोन्ही एकदम हवंय. उलट आपल्या अहिल्याबाईंचं चित्र दाखवलंस तर पांढरं साधं लुगडं बघून ओवी विचारील, हिचा मुकुट कुठाय? १७६७ ते १७९५ इतकी वर्षं राज्य सांभाळलं त्या बाईने, मुकुटाविना. पण हे पाच वर्षांच्या मुलीला समजावत बसू नकोस. दहाव्या वर्षी तिचं तिला आवडेल.

आणखी एक कारण आहे, जरा आतलं. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९०९ मध्ये लिहिलंय की मुलांना कधीतरी वाटू लागतं, हे आपले खरे आईबाप नव्हेतच, आपण कुण्या मोठ्या घरचे. तुला आठवतं का, तूही रागावलीस की म्हणायचीस, ‘मी यांची नाहीच, मला कुठून तरी आणलंय.’ राजकन्येच्या बहुतेक गोष्टी याच जखमेवर फुंकर घालतात. राखेत बसलेली, बदकं राखणारी, कुणाच्या खिजगणतीत नसलेली मुलगी, आणि शेवटी सगळ्यांना कळतं की ही कोण आहे ते. आजच आईने सगळ्यांदेखत रागे भरलेल्या मुलीला यापेक्षा गोड काय वाटणार?

तुझी भीती मी उडवून लावत नाही. कारमेन फॉट आणि कॅरन आयझेनहाउर या दोघी भाषाशास्त्रज्ञांनी राजकन्यांच्या चित्रपटांतले संवाद मोजले. १९८९ च्या ‘द लिटल मर्मेड’ या चित्रपटात, जिथे जलपरी पायांच्या मोबदल्यात आवाज देऊन टाकते, ६८ टक्के बोलणं पुरुषपात्रांचं निघालं. नाव तिचं, बोलणार दुसरेच. असं काही पडद्यावर चालू असेल तेव्हा तू शेजारी बसून खुशाल कुरकुर कर. सारा कॉइन या संशोधक बाईंनी १९८ लहान मुलांचा अभ्यास केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. राजकन्यांत जास्त रमणाऱ्या मुली वर्षभराने खेळातही जास्त ‘मुलींसारख्या’ वागत होत्या. त्यावर वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला. पण त्याच कॉइनबाईंनी २०२१ मध्ये पुढचं सांगितलं: मुलं दहा-अकरा वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर लहानपणी राजकन्यांत रमलेल्यांचे बायका-पुरुषांबद्दलचे विचार उलट जास्त मोकळे होते. एवढ्या थोड्या मुलांवरून शपथ घेऊ नये हे खरं, पण झोप उडवून घेण्याजोगंही यात काही नाही.

मला खुपतं ते वेगळंच. जन्मल्यापासून आपणच तिला ‘आमची परी, आमची राजकन्या’ म्हणून नाचवतो, दारात येणारा प्रत्येक जण आधी तिच्या फ्रॉकचं कौतुक करतो, आणि तिने ते मनावर घेतलं की आपल्यालाच धक्का बसतो. तू निदान पाहुण्यांना सांग, तिला विचारा आज राज्यात काय चाललंय. हुकूम काय सुटले, कोण तुरुंगात आहे. झग्याबद्दल बोलायचं तर घसरगुंडीवर आणि सायकलवर तेवढा नको, घेर अडकतो. बाकी झोपताना मुकुट, जेवताना मुकुट, चालू दे. आणि शेजारच्या मुलालाही मुकुट घालावासा वाटला तर त्याला हसून हाकलू नका. राजे लोकही डोक्यावर तेच घालायचे.

तुला गोष्टच सांगायची असेल तर स्वीडनची सांग. तिथली व्हिक्टोरिया १९७७ ची, तिचा धाकटा भाऊ कार्ल फिलिप १९७९ चा. मुलगा जन्मला म्हणून तोच युवराज झाला होता. पण १ जानेवारी १९८० पासून तिथला कायदा बदलला: पहिलं मूल जे असेल ते वारस, मुलगी असो की मुलगा. अडीच वर्षांची पोर एका दिवसात युवराज्ञी झाली. ओवी नक्की विचारणार की मग भाऊ रडला का. तर सांग, तो साडेसात महिन्यांचा होता, रडला असला तर दुधासाठी.

तुझीच,
शुभा