कॉटर पिन निघाली, मामा!

कोल्हापूर

प्रिय मिस्त्रीमामांस,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार मानायला घरी आले तर तुम्ही "चा घे आधी" म्हणून विषयच बदललात. पैसे घेतले नाहीत, पेढ्यांचा पुडा नातवाच्या हातात दिलात. म्हणून हे उघड पत्र लिहिते आहे. दुसरं कारणही आहे. बावीस इंची जुन्या सायकली आपल्या शाहूपुरीत अजून कितीतरी जिन्यांखाली उभ्या आहेत, आणि त्यातल्या काही केवळ बोटभर पिन निघत नाही म्हणून भंगारात जातात. तुम्ही मला दाखवलंत ते त्या घरांपर्यंतही जावं असं मनापासून वाटतं.

आण्णांची सायकल तुम्हाला माहीतच आहे. २०२१ च्या जुलैत पुराचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा ती बोळात उभी होती. पाणी ओसरल्यावर घर धुवायचं, भिजलेलं धान्य निवडायचं की सायकल उघडायची? वरवर पुसून ठेवली. आण्णा तिच्यावरून कपिलतीर्थ मंडईला जात राहिले, पण हळूहळू पायडल जड झालं आणि दर फेऱ्याला आतून 'टक्' असा आवाज यायला लागला. छर्ऱ्यांमध्ये पुराचा गाळ बसला होता. तो काढायचा तर अ‍ॅक्सल, म्हणजे छर्ऱ्यांवर फिरणारा मधला आस, बाहेर यायला हवा, त्याआधी क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, निघायला हवी, आणि क्रँकेला अ‍ॅक्सलवर धरून ठेवणारी कॉटर पिन जागची हलत नव्हती. एका दुकानात सांगितलं, कापून टाका आणि सगळा सेट नवा घाला, नाहीतर सायकलच बदला. आण्णा काही बोलले नाहीत, सायकल घेऊन चालत घरी आले. त्याच संध्याकाळी मी तुमचं दार वाजवलं.

तुम्ही येऊन हातोडीला हात लावला नाहीत. आधी पाटावर बसलात आणि पिन कशी बसलेली असते ते समजावून सांगितलंत. गोल सळीचा तुकडा, एका अंगाला उतरता कापलेला. तो सपाट उतार अ‍ॅक्सलच्या खाचेवर पाचरीसारखा आवळतो. वरचा नट पिनेला फक्त जागेवर राखतो. पकड सगळी त्या उताराची. त्यात गंज धरला की पिन आणखी आवळते, कारण लोखंडापेक्षा त्याच्या गंजाला जागा जास्त लागते आणि फटीत ती जागा नसते. एवढं कळल्यावर पान्ह्यानं नट पिळून काही होणार नाही हे माझं मलाच उमगलं. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेल्या माणसानं अशा शांतपणे समजावलं की लोखंडाचीही भीती जाते.

मग रॉकेल आणि इंजिन ऑइल मिसळून पिनेच्या दोन्ही तोंडांना सोडायला सांगितलंत, आणि "आता हिला रातभर सोड" म्हणून उठून गेलात. मला घाई होती. तुम्हाला नव्हती, आणि तेच बरोबर होतं. तेल फटीत आपल्या गतीनं चढतं, त्याला वेळच द्यावा लागतो.

सकाळी तुम्ही जाड लोखंडी पाइपचा तुकडा घेऊन आलात, त्याची खरी किंमत मला नंतर कळली. फुटाच्या आतबाहेर लांबी, दोन्ही तोंडं लेथवर सरळ केलेली, आणि भोक पिनेच्या डोक्यापेक्षा मोठं. क्रँक आडवी, नट वर. खाली फरशीवर लोखंडी पट्टी, तिच्यावर पाइप उभा आणि पाइपवर क्रँक टेकलेली, अशी की सायकलचं वजन चाकांवरून पाइपवर आलं. तुम्ही म्हणालात, "घाव वरनं घालायचा, पण ध्यान खाली ठेवायचं. खाली आधार न्हाई तर समदा दणका छर्ऱ्यास्नी बसतुया." अगदी खरं. आधार नसेल तर अर्धा घाव फ्रेम लवण्यात जातो आणि उरलेला छर्ऱ्यांमधून कपावर, म्हणजे छर्रे ज्या वाटीत फिरतात तिच्यावर, उतरतो. कपाला खड्डे पडले की पिन निघूनही सायकल खरखरतच राहते. घरी सायकल उघडणाऱ्यांनी या पत्रातलं एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

नट सैल करून पिनेच्या टोकाशी बरोबर आणायला लावलात, म्हणजे आटे चेपणार नाहीत. वर पितळेचा ठोकळा धरायला सांगितलात. जवळचं तेल फडक्यानं पुसून घेतलंत, रंग जळू नये म्हणून फ्रेमला ओलं फडकं गुंडाळलंत आणि गॅसची छोटी बत्ती क्रँकेच्या डोळ्यावर, म्हणजे पिन जाते त्या भोकाभोवती फिरवलीत, पिनेवर नाही. नंतर मी हिशेब करून पाहिला: दहा मिलिमीटरचं भोक २०० अंशांनी तापलं तर जेमतेम ०.०२४ मिलिमीटर मोठं होतं. एवढ्याशा फुगण्यानं गंजाची मिठी तडकते. पिन तापायच्या आत घाव घालायचा, म्हणून तिथं मात्र चपळाई हवी.

आणि मग दोन पौंडी हातोडी तुम्ही माझ्या हातात दिलीत. मामा, सगळ्यांत जास्त आभार याचे. बोळात उभ्या असलेल्या दोघांनी "तिला कशाला, आण आम्ही मारतो" म्हटलं, तर तुम्ही त्यांना बॅटरी धरायला लावलीत. मला एवढंच म्हणालात, "बारकं बारकं ठोकू नगस. टोक पसरलं की पिन भोकात अडकती. एकच, पण पुरा." आण्णांनी हँडल घट्ट धरलं. मी घाव घातला आणि पिन सुटल्याचा आवाज आला. तो कोरडा, मोकळा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, तरी लगेच ओळखला.

उजव्या बाजूची पिन कुणीतरी पूर्वीच ठोकून चेपलेली होती. तिचं टोक कापून, मध्ये पंच मारून, आधी बारीक मग मोठा ड्रिल असं पोखरून काढली. वेळ बराच गेला, पण ड्रिल सरळ कसं धरायचं ते तुमच्या हाताकडे बघूनच शिकले.

आतून चहाच्या रंगाचा गाळ निघाला. दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा नवे छर्रे घातले, ग्रीस भरलं. उजव्या कपाचे आटे उलटे असतात, त्याला उगीच हात लावू नको, असं तुम्ही वेळेवर सांगितलंत. नव्या पिना बसवताना एक खालून तर दुसरी वरून घालायची, नाहीतर दोन्ही क्रँका एका रेषेत येत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. थोडी सायकल चालवल्यावर पिना पुन्हा ठोकून नट आवळायला सांगितला होतात, तेही केलं आहे. आता काही हलत नाही.

आण्णा रोज मंडईला जाऊन येतात. परवा भाजी कमी आणि फेरी मोठी झाली. रंकाळ्यावरून आले म्हणाले.

पाइपचा तुकडा तुम्ही माझ्याकडेच ठेवलात. मागच्या गल्लीतली एक मुलगी तिच्या आजोबांची सायकल घेऊन विचारायला आली होती, तिचीही कॉटरच अडकली आहे. तेल घालून ठेवलंय. रविवारी सकाळी काढायची आहे. तुम्ही यावं. काम आम्ही दोघी करू, तुम्ही पाटावर बसून फक्त आधार नीट लागलाय का ते बघा.

तुमची शेजारीण,
शाहूपुरी