विल्या, हे फिलोला कळता कामा नये

प्रिय विल्या,

तीन वर्षं पत्र नाही. नाताळला तोच चांदणीवाला फोटो फॉरवर्ड करतो त्याला पत्र म्हणत नाहीत, हे मलाही कळतं. शिव्या नंतर घाल, आधी ऐक, कारण हे इथं कुणालाच सांगता येत नाहीये, फिलोला तर मुळीच नाही.

यंदा ईस्टरच्या आदल्या रात्री देवळात पास्काची मोठी मेणबत्ती मी धरली होती. फादरच्या हाताखालचा डिकन कुणी नव्हता, वेदीसेवकांत सगळी चिल्लीपिल्ली, मेणबत्ती ही एवढी जड, म्हणून फादर म्हणाले पास्कू तू घे. बाहेर मैदानात नारळाची सोडणं रचून आग केली, फादरनी तिला आशीर्वाद दिला, मेणबत्तीवर क्रूस कोरला, वर आल्फा, खाली ओमेगा, यंदाच्या सालाचे चार आकडे, धुपाचे पाच खडे खोचले, आणि त्या आगीवरून मेणबत्ती पेटवली. सगळं तुला तोंडपाठ आहे. दारात 'ख्रिस्ताचा प्रकाश' ही पहिली घोषणा झाली. आत मिट्ट काळोख, अख्खं गाव न पेटवलेल्या मेणबत्त्या हातात धरून उभं. दिवे सगळे आठवणीने बंद केलेले, पण दाराजवळचा तो भिंतीवरचा पंखा, आपल्या वेळेपासून खडखडतो तोच रे, तो कुणी बंद केला नव्हता. चार पावलं गेलो आणि फुस्स.

विझली विल्या. दुसऱ्या घोषणेच्या आधी, म्हणजे अजून एकाचीही मेणबत्ती पेटलेली नव्हती, कुणाकडून परत घ्यायचीही सोय नाही. फादर मागे, पोरगा त्यांच्या पुस्तकावर मोबाइलचा टॉर्च धरून, त्यांना कळलं की नाही मला आजतागायत माहीत नाही. आणि माझा हात आपोआप झग्याखाली पँटच्या खिशात गेला. लायटर. स्टेशनबाहेरच्या टपरीवरचा, लाल. खट् केलं आणि पुढे चालायला लागलो.

आता तुला कळलं असेल फिलोला का नाही. राखेच्या बुधवारी, उपासकाळाच्या पहिल्याच दिवशी, तिच्यासमोर सिगरेट सोडली होती. झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे पास्काच्या आठवडाभर आधीपर्यंत टिकलो, हे माझं रेकॉर्ड आहे, हसू नकोस.

मग दुसरी घोषणा झाली, पोरांनी माझ्याकडून घेतलं, त्यांच्याकडून पहिल्या बाकांनी, आणि बघता बघता सगळं देऊळ उजळलं. म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या, कडेवरची बाळं, सगळं त्या पिवळ्या उजेडात, इतकं सुंदर की माझ्या पोटात गोळा आला. वर ती लांबलचक पास्कास्तुती सुरू झाली, त्यात मधमाश्यांचं ते येतं ना, मेण त्यांनी केलेलं, आणि ही ज्योत कितीही वाटली तरी कमी होत नाही. मी घामाघूम. म्हटलं मेण मधमाश्यांचं असेल, ज्योत टपरीवरची आहे.

तू म्हणशील येड्या, बाहेरची आग तरी कशाने पेटवली होती, माचिसनेच ना? हो. पण मधे आशीर्वाद होता. बाहेरची आग देवाच्या नावाने केलेली, आणि माझी खोटारडेपणाच्या खिशातून आलेली. सातवीत आपण वेदीमागच्या निवासाजवळचा, पवित्र भाकर ठेवतात तिथला, कायम जळता लाल दिवा विझू दिला होता, मी गुपचूप काडी ओढून लावला आणि तू जाऊन फादरना सांगितलंस. मला छड्या पडल्या, तुला शाबासकी. ते मी अजून माफ केलेलं नाही. पण त्या रात्री वाटलं, विल्या इथे असता तर बरं झालं असतं, कुणीतरी सांगून तरी टाकलं असतं.

बरं एवढ्यावर सुटलं नाही. पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात एका पोरीने विचारलं, सर, देव पहिल्या दिवशी म्हणाला प्रकाश होवो, आणि सूर्य तर चौथ्या दिवशी केला, मग पहिले तीन दिवस उजेड कुठून येत होता? मी म्हटलं पुढच्या आठवड्यात. घरी येऊन बायबल घेऊन बसलो आणि तिचं उत्तर राहिलं बाजूलाच, मी योहानाच्या शुभवर्तमानात अडकलो. 'तो प्रकाश अंधारात प्रकाशतो, तरी अंधाराने त्याला ग्रहण केले नाही.' शंभरदा वाचलंय. तूच एकदा सुट्टीवर आलेला असताना बंदरावर सांगितलं होतंस की मूळ ग्रीकमधल्या त्या शब्दाचे दोन अर्थ होतात, अंधाराला तो समजला नाही, आणि अंधाराला तो गिळता आला नाही. मी तेव्हा भेळ खात होतो. आता वाटतं मराठीत किती मस्त बसलंय ते. ग्रहण करणं म्हणजे घेणं, आणि ग्रहण लागणं ते वेगळंच. भाषांतर करणाऱ्याच्या डोक्यात होतं का देव जाणे, मला मात्र दोन्ही एकदम ऐकू येतात.

आणि माझं तसंच झालंय. मला काही समजत नाही, पण विझतही नाही. खरं सांगू, गेली पाचसहा वर्षं प्रार्थनेला बसतो तेव्हा समोर काहीच नसतं. पोरांना शिकवतो देव प्रकाश आहे, त्याच्या ठायी मुळीच अंधार नाही, आणि मनात म्हणतो मग मोशे देवाला भेटायला निबिड अंधकारात कशाला शिरला. मदर तेरेसाची पत्रं 2007 साली बाहेर आली, तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आत नुसता काळोख होता हे वाचून मी केवढा चिडलो होतो, म्हटलं हे छापायलाच नको होतं, लोकांचा विश्वास डळमळेल. तू म्हणालास माझा आत्ता कुठे बसला. आपण दोन महिने बोललो नव्हतो.

म्हणजे मुद्दा असा की मला तुझी माफी मागायचीये, लायटर हे निमित्त. 2009 ला तू सेमिनरी, फादर व्हायचं शिक्षण, सोडून आलास, मी स्टेशनवर तुझी ट्रंक उचलायला आलो आणि ट्रंक उचलायच्या आधी काय म्हणालो? यहूदा घास घेऊन बाहेर गेला, आणि तेव्हा रात्र होती. येशूला धरून देणारा यहूदा. एवढंच. तू काही बोलला नाहीस, ट्रंक स्वतःच उचललीस. तेवीस वर्षांचा गाढव होतो रे. योहानातली रात्र म्हटल्यावर मला यहूदाच आठवला, निकदेम नाही आठवला. तोही रात्रीच आला होता, लोक बघतील म्हणून घाबरत असेल, आणि शेवटी शिष्य पळाले तेव्हा गंधरस आणि अगरू घेऊन पुरायला तोच हजर. तुला द्यायचीच होती तर ती रात्र द्यायला हवी होती.

त्या पोरीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुला सुचलं तर लिही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, शेवटी पण सूर्य नाहीच, त्या नगरीला सूर्यचंद्राची गरजच नाही म्हटलंय, म्हणजे सुरुवातीलाही उजेड बिनसूर्याचा आणि शेवटीही, मधे चौथ्या दिवसापासून आपण सगळे. हे सांगितलं तर ती आणखी तीन प्रश्न विचारेल, कार्टी हुशार आहे.

आईचा काचबिंदू वाढलाय, उजव्या डोळ्याने जवळजवळ काही नाही, ड्रॉप चालू आहेत. माझी शुगर ठीक. त्या रात्री मेणबत्ती स्टँडवर ठेवून मी आईशेजारी जाऊन बसलो. तिची मेणबत्ती फिलोने पेटवून दिली होती, ती तोंडाजवळ धरून शेकत होती. मला हळूच म्हणाली, पास्कू, तुझ्या झग्याला सिगरेटचा वास येतोय. फिलो पलीकडेच होती. तिने ऐकलं नसावं अशी आशा आहे, पण दोन दिवस जेवायला नुसता वरणभात मिळतोय.

तुझ्या बायकोचं वर्क परमिट झालं का? पोरगी शाळेत रमली का? नाइट शिफ्ट अजून तीच का, की सुटलास? आमच्या गल्लीतली बेंजी जूनमध्ये टोरंटोला येतेय, तिच्याबरोबर सुकेळी पाठवतो, आईने बाजूला काढून ठेवलीयेत. कस्टममध्ये विचारलं तर केळी आहेत म्हणू नकोस म्हणावं तिला. काय म्हणायचं ते तूच सांग, खरं बोलायचं खातं पहिल्यापासून तुझ्याकडे आहे.

लायटर अजून माझ्याकडेच आहे. टाकवत नाही.

तुझाच,
पास्क्या