दादा, रिपोर्टचा फोटो पाठव

टोरांटो, रविवार रात्र

ती. दादा आणि वहिनीस,
सा. न.

चिनूच्या आजाराचं नाव कळल्यापासून झोप नाही. गोशे. पानथरी सुजून पोट पुढं आलं होतं आणि आपण सगळे जंत म्हणत बसलो. खानापूरच्या त्या पावसात तुम्ही त्याला कडेवर घेऊन बेळगाव, बेंगळूरू करताय नि मी इथं.

आधी घरातलं. आजी वहिनीला बोल लावते ते थांबव. एक बिघडलेलं जनुक वहिनीकडून आलं, एक तुझ्याकडून, तेव्हाच आजार झाला. वहिनी मामाचीच मुलगी. आजोळचं तेच जनुक आईकडून तुझ्यात नि मामाकडून तिच्यात आलं असणार, कदाचित माझ्यातही असेल. दुसऱ्या बाळाच्या वेळी धोका २५ टक्के, म्हणून आधी डॉक्टरांशी बोला. आजीला हे तूच सांग. सौंदत्तीचा नवस मात्र फेडा, तिच्या जिवाला बरं वाटेल.

खोकल्याचं एक औषध या आजारात उपयोगी पडू शकतं असं तू ऐकलंस, ते खरं आहे. चिनूच्या आजारात पेशीतला चरबीसारखा पदार्थ मोडणारं एन्झाइम, म्हणजे एक प्रथिन, कमी पडतं. २००९ मध्ये इथल्याच संशोधकांनी आधीपासून वापरात असलेली १,०४० औषधं या एन्झाइमवर तपासली, त्यातून अँब्रॉक्सॉल निघालं. आपल्या फडताळात असतं तेच. आत्याचे मांडे आठव. खापरावरून उतरवला की गरम आहे तोवर घडी पडली पाहिजे, नाहीतर तडकतो. चिनूच्या पेशीत एन्झाइम बनतं, पण घडी नीट पडत नाही, म्हणून पेशीच ते मोडून टाकते. मग चरबीसारखा पदार्थ पानथरीत, यकृतात, हाडांत साठत जातो. अँब्रॉक्सॉल ती घडी धरून ठेवतं आणि पेशीतल्या आंबट कप्प्यात, जिथं एन्झाइमचं काम असतं तिथं पोचलं की सोडतं.

आमच्या लॅबमध्ये असाच शोध चालतो. तळहाताएवढ्या प्लेटमध्ये १,५३६ खळगे, प्रत्येकात वेगळं रसायन. एन्झाइमनं काम केलं की खळगा निळा चमकतो. एखादा जास्त चमकला की छातीत धडधडतं. पुन्हा करून बघितलं की बहुतेक वेळा काहीच नसतं. तरी सोमवारी नवी प्लेट लावायची.

पण दादा, बाटलीतलं औषध मनानं वाढवून पाजू नको. चाचण्यांतला डोस खोकल्याच्या कितीतरी पट असतो, तोही डॉक्टरांच्या नजरेखाली, आणि जनुकातल्या प्रत्येक बिघाडाला ते लागू पडत नाही. आत्ता खरा आधार दर पंधरवड्याला सलाइनमधून देतात त्या एन्झाइमचाच. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या धोरणात ५० लाखांपर्यंत मदत आहे. बेंगळूरूच्या केंद्रात लगेच नाव घाल. औषध जन्मभराचं, तेवढ्यानं भागणार नाही, म्हणून तर आम्ही गोळीच्या मागं लागलोय.

जनुकाच्या रिपोर्टमध्ये बिघाडाचा अक्षरं नि आकडे मिळून कोड असेल (दोघांकडून तोच आला असेल तर एक, नाहीतर दोन), त्याचा फोटो आजच पाठव. त्या बिघाडावर अँब्रॉक्सॉल तपासलंय का, ते शोधून बेंगळूरूच्या डॉक्टरांना लिहिते. चिनूला पोटावर पडू, आपटू देऊ नका, पानथरी नाजूक असते.

तुमची,
सुमी