दगड आणि फूल

रामबाग, इंदूर

प्रिय दिग्या,

दिवाळीनंतर तुझा फोन नाही, माझाही नाही. कुणी कुणावर रागवायचं ते भेटीत ठरवू. तब्येत ठीक, बीपी गोळीवर. लिहायचं कारण, हे धरणात बुडालेल्या हरसूदच्या माणसाशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

आमच्याकडे मनाच्या उपचाराला निसरपूरकडची एक आजी नातवाला घेऊन येते. २०१९ साली सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरलं, त्यात त्यांचं घर गेलं. मॅडमनी नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी धरलीय. जमिनीवर दोरी पसरायची, ती म्हणजे आयुष्य. चांगल्यावर फूल, वाईटावर दगड. उरलेलं टोक गुंडाळून ठेवायचं, ते पुढचं. मग एकेका दगडापाशी थांबून सगळं क्रमाने, बारीकसारीक सांगायचं, म्हणजे आठवण तेव्हाची तेव्हा राहते, आज अंगावर येत नाही. युगांडातल्या सुदानी निर्वासितांना चार बैठकांत गुण आला होता. तो अभ्यास छापून आला २००४ मध्ये. हो, तुझंच साल, हरसूद बुडालं ते.

आजीने लग्नावर फूल ठेवलं, कापसाच्या पहिल्या गाडीवर ठेवलं. मग सगळ्यात मोठा दगड उचलला आणि थेट गुंडाळलेल्या टोकावर ठेवला. म्हणाली, घराच्या बदल्यातला प्लॉट अजून नावावर नाही, मग झालं कुठे?

नातवाने तर पुरावरच फूल ठेवलं! शाळा बंद, दिवसभर नावेत. आजीने असं पाहिलं त्याच्याकडे! पण रात्री पाऊस लागला की हाच पोरगा चपला घालून झोपतो. बाप येतच नाही. मजुरी कोण बुडवणार?

मॅडम म्हणतात, ठरल्याप्रमाणे पुढे जाऊ. मला पटत नाही. जे चालूच आहे ते आजीकडून 'होऊन गेलं' म्हणून वदवून घ्यायचं? आणि पोराच्या फुलाचा दगड करायचा का, पूर म्हणजे दगडच असं आपण धरून चाललोय म्हणून? उद्या मोठा होऊन तो स्वतःच करेल, तेव्हा आम्ही कुठे असू?

तू बापाबरोबर स्वतःच्या घराच्या विटा काढून इथे आलास आणि वर्षभर नुसते पत्ते कुटलेस. विचारलं की 'चल, पोहे खाऊ'. (त्यातल्या शेवेचे पैसेसुद्धा मीच दिले, विसरू नकोस.) एकदा मी जास्तच खोदलं तर गादी उचलून गॅलरीत गेलास. तेव्हा मला तू आडमुठा वाटलास. आता वाटतं, बरं केलंस की काय? त्या वर्षी कुणी तुझ्यापुढे दोरी पसरली असती, तर पसरू दिली असतीस?

वहिनींची बदली झाली का? पिंकीचा दहावीचा निकाल कळव. काकांना नमस्कार.

गुरुवारी मॅडमशी भांडायचंय, त्याआधी फोन कर. पत्त्यांचा विषय काढून टाळू नकोस.

तुझा,
अव्या