सातपुड्यात खड्डे खोदण्याआधी जमिनीतली मुळे मोजा

संपादक महोदय,
स. न.

मृग जवळ आला की यावल, चोपडा, शिरपूर, अक्राणीच्या उतारांवर खड्ड्यांच्या ओळी दिसू लागतात आणि किती रोपे लावणार याचे आकडे छापून येतात. त्याच उतारावर जमिनीखाली किती झाडे अजून जिवंत आहेत, हे मात्र कोणी मोजत नाही. आपले जंगल मिश्र आहे: साग, अंजन, सालई, धावडा, तिवस, टेंभुर्णी, मोह, चारोळी. यातले प्रत्येक झाड आपापल्या वाटेने परत येते. सगळ्यांना एकच खड्डा आणि रोपवाटिकेतली एकच पिशवी दिली की रोपवन फसते.

मोजणीला खर्च नाही. 5 मीटर 64 सेंटिमीटरची दोरी घ्या, एक टोक खुंटीला बांधा आणि फिरवा. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ 100 चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग. आत दिसणारे जिवंत खुंट, मुळांवरचे फुटवे आणि बियांपासून आलेली रोपे मोजा, जातवार लिहा, शंभराने गुणा. एका हेक्टरात अशी दहा वर्तुळे वेगवेगळ्या जागी घ्या. हे काम दिवाळीच्या आसपास करावे, कारण उन्हाळ्यात पानगळीनंतर बारकी रोपे ओळखू येत नाहीत. माझ्या मते वर्तुळात सरासरी चारपेक्षा जास्त जीव सापडले तर तिथे खड्डा खोदूच नये. तो पैसा राखणीवर घालावा.

सागाचे आणि धावड्याचे खुंट बहुधा जिवंत असतात, पण चरून, जळून त्यांचे झुडूप झालेले असते. असा खुंट धारदार कुऱ्हाडीने जमिनीपासून बोटभर ते वीतभर उंचीवर, उताराचा आणि गुळगुळीत छाटावा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. छाटणी मार्चअखेर आटोपावी. पावसात पाच-सात धुमारे येतात. दुसऱ्या वर्षी त्यातले जमिनीलगतचे एक किंवा दोन ठेवून बाकीचे काढावेत. उंचावर फुटलेला धुमारा आज जोमदार दिसतो, पण खुंट कुजला की वाऱ्याने मोडतो. धावड्याचे बी बहुतेक पोकळ निघते, त्यामुळे रोपवाटिकेत त्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. जुने खुंट हीच त्याची खरी पुंजी.

अंजन ही खान्देशाची खास ठेव. त्याला दरवर्षी भरपूर बी येत नाही. चांगले वर्ष अधूनमधून येते. शेंगा उन्हाळ्यात पिकतात आणि वाऱ्यावर उडतात. ज्या वर्षी झाड लगडले असेल त्या वर्षी शेंगा गोळा करून पहिल्या पावसासोबत जागेवरच पेराव्यात: समतल चराच्या बांधावर, भुसभुशीत मातीत, एका ठिकाणी दोन-तीन. हे रोप आधी सोटमूळ खोल नेते, वर मात्र वीतभरच दिसते. पिशवीत ते मूळ गुंडाळले जाते आणि लावल्यावर रोप उन्हाळा काढत नाही. वर दिसत नाही म्हणून ‘मर’ नोंदवून तिथे दुसरे रोप लावण्याची घाई करू नये. सालईचेही असेच. तिची रोपे कित्येक वर्षे वरून वाळतात, खाली मूळ जाड होत राहते आणि मग एकदम उंची घेतात. लावायचीच असेल तर मनगटाएवढ्या जाडीची, दीड-दोन मीटरची फांदी पावसाच्या तोंडावर रोवावी, निचऱ्याच्या जागीच. पाणी साचले की ती कुजते.

मोहाचे दुखणे वेगळे आहे. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, पुढे टोळी, म्हणजे मोहाचे बीही तेलासाठी वेचले जाते. म्हाताऱ्या मोहाखाली एकही पोर उभे दिसत नाही, ते यामुळे. पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करावा किंवा झाडाखाली जाळी अंथरावी, आणि थोडे बी लगेच जागेवर टोकावे, कारण ते फार दिवस टिकत नाही.

वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरतात, म्हणून जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून ठेवलेला मोकळा पट्टा, त्याआधीच साफ हवी. दरवर्षी जळणाऱ्या जंगलात साग आणि टेंभुर्णी मुळांच्या जोरावर तगतात, अंजनाची कोवळी रोपे जातात, आणि मिश्र जंगलाचे हळूहळू सागवन होते. निव्वळ सागाखाली जमीन उघडी राहते. मोठ्या पानांवरून टपोरे थेंब पडून माती सुटते, आणि तोच गाळ पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात जाऊन पाणी मुरण्याच्या वाटा बुजवतो. यावल-रावेरच्या केळीला लागणारे भूजल याच पट्ट्यात भरते. केळी उत्पादकांनी अंजन-सालईच्या प्रश्नाकडे आपला प्रश्न म्हणून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मिश्र जंगलाचा हा पेच फक्त आपला नाही. कॅनडाच्या थंड पट्ट्यात पानझडी ॲस्पेन आणि सूचिपर्णी स्प्रूस एकत्र वाढतात. ॲस्पेन तोडला की त्याच्या मुळांवरून हेक्टरी हजारो फुटवे येतात. पण ओल्या जमिनीवर जड यंत्रे फिरली तर मुळे दबून मरतात, म्हणून तोड हिवाळ्यात, गोठलेल्या जमिनीवर करणे चांगले. स्प्रूसचे बारीक बी मात्र शेवाळ-पाल्याच्या जाड थरात रुजत नाही, त्याला उघडी माती किंवा कुजके लाकूड लागते. रुजल्यावर ते ॲस्पेनच्या सावलीत कित्येक वर्षे सावकाश वाढते. म्हणून काही ठिकाणी आधी वरचा ॲस्पेन काढतात, खालचा कोवळा स्प्रूस जपतात आणि ॲस्पेन मुळांवरून पुन्हा येऊ देतात. पूर्वी ॲस्पेनला तण समजून त्यावर तणनाशक फवारले जाई; क्वेबेक प्रांताने सरकारी जंगलात ते 2001 मध्ये थांबवले. आपल्याकडे सागासाठी ‘इतर जाती’ म्हणून सालई, मोई ही झाडे छाटली गेली, ती याच समजुतीतून.

सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांनी यंदा निदान एक कूप, म्हणजे जंगलाचा आखून दिलेला एक तुकडा, असा हाताळावा. चराई पूर्ण बंद करता येत नसेल तर कूपाचे चार-पाच भाग पाडून एकेक भाग शेंडे शेळीच्या तोंडापलीकडे, म्हणजे साधारण दोन मीटरवर जाईपर्यंत बंद ठेवावा. चारा कापून आणण्यास मोकळीक द्यावी, नाहीतर बंदी कोणी पाळणार नाही. वनविभागानेही रोपांच्या आकड्यासोबत खुंट, फुटवे आणि बियांची रोपे यांचा जातवार तक्ता दर तीन वर्षांनी गावच्या चावडीवर लावावा.

आपला,
एक निवृत्त वनपाल, चोपडा (जि. जळगाव)