रविवारच्या पाणी लाईनच्या कामाबद्दल, येणाऱ्यांनी वाचाच

मंडळी, रविवारी हॉस्पिटलच्या टाकीचं काम करायचंय, सकाळी सातला साइटवर. ओपीडी सुरू व्हायच्या आत मेन कॉक बंद करून सांधे बदलायचेत, म्हणून उशीर नको. प्रसूती वॉर्ड आणि ओटीसाठी (ऑपरेशन थिएटर) पाण्याचे ड्रम आदल्या रात्रीच भरून ठेवायचे, हे काम कोण घेतंय ते सांगा. अ‍ॅडमिट पेशंटमागे दिवसाला ४० ते ६० लिटर धरतात आणि एका बाळंतपणाला १००, तेव्हा दोन बादल्या ठेवून भागणार नाही.

मोटर चालतेय पण पाणी चढत नाही असं झालं तर आधी फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) बघा. मागच्या वेळी त्यात पालापाचोळा अडकलेला आणि आपण दोन तास मोटर खोलत बसलो, वर सगळे एकमेकांना शहाणपण शिकवत होते 😅 आणि प्रेशर कमी म्हणून लगेच मोठा पंप सुचवू नका हो, १० मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर मिळतं, आधी टाकीची उंची मोजू.

पीव्हीसी पाइपच्या सांध्याला सोल्युशन (चिकटवायचं द्रावण) लावलं की लगेच पाणी सोडायचं नाही. ब्लीचिंग पावडर थेट टाकीत ओतू नये, बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचं पाणीच टाका, मग अर्ध्या तासाने क्लोरीन तपासायचं, लिटरला ०.५ मिलिग्रॅम तरी दिसलं पाहिजे. टेफ्लॉन टेप, पाना, हॅक्सॉ ज्याच्याकडे आहे त्याने आणा, आणि येणार असाल तर शुक्रवारपर्यंत नाव टाका.