एकाच बसवर चार मॉड्यूल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ईएसपी-३२ या कंट्रोलरला (सगळं चालवणारी छोटी संगणक-चिप) लावलेली चारही मॉड्यूल (चिप बसवलेल्या छोट्या पाट्या) एकेकटी नीट चालतात आणि एकाच आय-टू-सी बसवर, म्हणजे दोन सामाईक तारांवर, एकत्र जोडली की घड्याळ वेडीवाकडी वेळ दाखवतं, एवढं वाचूनच शंका आली. एमपीयू-६०५० (हालचाल मोजणारी चिप) आणि डीएस-३२३१ (घड्याळाची चिप) या दोघांचाही बसवरचा पत्ता ६८ हेक्स आहे (हेक्स म्हणजे सोळाच्या पटीत मोजणारी अंकपद्धती; इथले सगळे पत्ते त्यातच). स्कॅनर (बसवर कोणते पत्ते उत्तर देतात ते दाखवणारा छोटा प्रोग्राम) चालवलास तर ६८ एकदाच दिसेल, कारण हाकेला दोघं एकाच वेळी ओ देतात. आय-टू-सीमध्ये कुठलीही चिप लाइन वर ढकलत नाही, फक्त खाली खेचते. त्यामुळे दोघं एकदम बोलली की जिथे एकाचा ० असेल तिथे ०च वाचला जातो आणि हाती भलतीच तारीख येते. त्यात दोष ना घड्याळाचा, ना कोडचा.

एमपीयूची एडी-० पिन ३.३ व्होल्टला जोड, म्हणजे तिचा पत्ता ६९ होईल. लायब्ररीलाही (चिप वाचणाऱ्या तयार कोडलाही) हा नवा पत्ता सांगावा लागतो, हे बरेचजण विसरतात. आणि एक गंमत: पत्ता ६९ केल्यावरही तिचं ‘हू-ॲम-आय’ रजिस्टर (चिपची ओळख साठवलेला कप्पा) ६८च सांगतं. ते पाहून बदल झालाच नाही असं समजू नकोस, त्या रजिस्टरमध्ये एडी-०ची नोंदच होत नाही.

बाकीच्यांची अडचण नाही. हवेचा दाब मोजणारा बीएमपी-२८० हा ७६ किंवा ७७ वर असतो, ओएलईडी पडदा ३सी वर. त्या पडद्यामागे कधीकधी ७८ छापलेलं असतं. तो आठ बिटांत लिहिलेला तोच पत्ता, निम्मा केला की ३सी. घड्याळाच्या मॉड्यूलवर बहुधा एक मेमरी चिपही असते, म्हणून स्कॅनमध्ये न जोडलेलं ५७ दिसलं तर दचकू नकोस.

आता पुल-अप, म्हणजे लाइन एरवी वर धरून ठेवणारे रेझिस्टर; खरी मेख इथे आहे. बहुतेक मॉड्यूलवर एसडीए (माहितीची लाइन) आणि एससीएल (क्लॉकची, म्हणजे ठेका देणारी लाइन) यांना आधीच असे रेझिस्टर असतात, कुठे ४.७ किलो-ओहम, कुठे १०. मॉड्यूल जोडत गेलास की ते समांतर होतात. ४.७ चे चार म्हणजे १.१७५ किलो-ओहम. चिपने ३ मिलिअँपिअर खेचताना लाइन ०.४ व्होल्टच्या आत आणावी, अशी अट आहे. म्हणजे ३.३ व्होल्टला किमान ९६७ ओहम हवेत. चारपर्यंत निभावतं, तसंच पाचवं आलं की ९४० ओहम होऊन अट मोडते. तेव्हा जास्तीच्या मॉड्यूलवरचे रेझिस्टर काढून टाक. वीज बंद करून एसडीए आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये मल्टिमीटर लाव, एकूण किती आहेत याचा अंदाज येईल.

उलट टोकाला, रेझिस्टर मोठे असले की लाइन वर चढायला वेळ लागतो. हा वेळ साधारण ०.८५ गुणिले रेझिस्टर गुणिले बसची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता). बसवर २०० पिकोफॅरॅड धर: ४.७ किलोला सुमारे ८०० नॅनोसेकंद होतात. १०० किलोहर्ट्झला मर्यादा १०००ची, म्हणजे चालतं. ४०० किलोहर्ट्झला मर्यादा फक्त ३००, तिथे २.२ किलोही पुरत नाही, १.५ लागतो. म्हणून आधी बसची क्लॉकगती १०० किलोहर्ट्झवर ठेव. ती वाढवल्यावरच चुका येऊ लागल्या तर पुल-अप तपास. कंट्रोलरच्या आतल्या पुल-अपवर विसंबू नकोस, ते दहा-वीस किलोंच्या घरात, किंवा त्याहून मोठे असतात.

तारा आखूड ठेव. फिलिप्सने १९८२ मध्ये ही पद्धत आणली ती एकाच बोर्डावरच्या चिपांसाठी, खोलीभर तार ओढायला नव्हे. एकूण कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरॅडच्या वर जाऊ देऊ नये. तार थोडी लांबवावीच लागली तर एसडीए आणि एससीएल एकमेकींना पीळ देऊन नेऊ नकोस, प्रत्येकीची जोडी ग्राउंडशी लाव.

तुझा ईएसपी-३२ ३.३ व्होल्टचा आहे. घड्याळाच्या मॉड्यूलला ५ व्होल्ट दिलेस तर त्यावरचे पुल-अपही ५ व्होल्टला जातात आणि ते थेट कंट्रोलरच्या पिनवर येतात. डीएस-३२३१ २.३ व्होल्टपासून चालतो, त्यालाही ३.३ वरच ठेव. शिवाय एखादं मॉड्यूल बसवर जोडलेलं पण वीज न दिलेलं ठेवू नकोस, बऱ्याच चिपा अशा वेळी लाइन खाली ओढून धरतात आणि सगळीच बस गप्प होते.

आणखी एक प्रकार फार छळतो. चिप माहिती देत असतानाच कंट्रोलर रीसेट झाला तर ती चिप एसडीए खाली धरून पुढच्या क्लॉकची वाट बघत बसते. कंट्रोलर पुन्हा रीसेट करून फरक पडत नाही, कारण चिपची वीज गेलेलीच नसते. प्रोग्रामच्या सुरुवातीला, बस चालू करण्याआधी, एसडीए मोकळी सोडून एससीएलवर नऊ क्लॉक दे आणि मग स्टॉप (संवाद संपल्याची खूण) दे. बस सुटते.

आता सगळं काढ आणि एकेक जोड. दर वेळी स्कॅन कर, आणि पत्ता दिसला एवढ्यावर थांबू नकोस, चिपची ओळखही वाच: बीएमपी-२८०चं डी० रजिस्टर ५८ देतं, ६० आलं तर हातात बीएमई-२८० आहे आणि लायब्ररी वेगळी लागेल. पुढेमागे एकाच पक्क्या पत्त्याची दोन मॉड्यूल लागली तर टीसीए-९५४८ए (एक बस अनेक वाटांत वाटणारी चिप) घे, त्याला आठ वेगळ्या वाटा असतात. सध्या तुला त्याची गरज नाही.

एडी-० जोडल्यावर स्कॅनमध्ये काय काय दिसतं ते कळव.

तुझा मित्र